आंतरशालेय इतिहास स्पर्धेत मुलांच्या शोधकामाला गुण कसे द्यावेत?

परळची शिक्षिका

नमस्कार. परळ भागातील एका अनुदानित मराठी शाळेत मी आठवी ते दहावीच्या वर्गांना इतिहास शिकवते. आमच्या परिसरातील पाच शाळांनी मिळून येत्या शैक्षणिक वर्षात आंतरशालेय इतिहास स्पर्धा घ्यायचे ठरवले असून तिची आखणी माझ्याकडे आली आहे. अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन मिळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

गेल्या वर्षी आम्ही शाळेपुरती वक्तृत्व स्पर्धा आणि प्रश्नमंजूषा घेतली होती. वक्तृत्वात आठवीतील एका मुलीने ‘छोडो भारत’ ठरावावर पाच मिनिटे कुठेही न अडखळता भाषण केले. ८ ऑगस्ट १९४२ ही तारीख, ठरावाची पार्श्वभूमी, नेत्यांची नावे असे सारे अचूक सांगितले आणि पहिले पारितोषिक मिळवले. दुसऱ्या दिवशी मी तिला सहज विचारले, की हे सारे ज्या गवालिया टँक मैदानावर घडले ते आपल्या शाळेपासून किती लांब असेल? ते मैदान मुंबईतच आहे, हे तिला ठाऊक नव्हते. भाषण तिच्या मामांनी लिहून दिले होते आणि तिने ते आठ दिवस मनापासून पाठ केले होते. यात तिला बोल लावावा असे काही नाही. आम्ही जे मागितले ते तिने दिले.

पाठ्यपुस्तके या बाबतीत आपल्या स्पर्धांच्या पुढे गेलेली आहेत, हे मला अधिक खटकते. आठवीच्या इतिहासाची सुरुवातच ‘इतिहासाची साधने’ या पाठाने होते आणि दहावीचे पुस्तक तर इतिहासलेखनाच्या परंपरांपासून ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनापर्यंत जाते, म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो हेच मुलांसमोर ठेवते. तरीही परीक्षेतील चाळीस गुणांच्या धास्तीने हे पाठसुद्धा ‘अपेक्षित’मधून पाठ केले जातात. ‘मौखिक साधनांची उदाहरणे लिहा’ या प्रश्नाला ‘ओव्या, लोकगीते, पोवाडे’ असे बिनचूक उत्तर लिहिणारी मुले, घरात जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असूनही, तिच्याजवळ वही घेऊन कधी बसलेली नसतात.

माझ्यापुढे मुख्य अडचण मूल्यमापनाची आहे, कारण भाषणाला गुण देणे सोपे असते आणि शोधाला गुण कसे द्यायचे हे आम्हा कोणालाच नीट माहीत नाही. प्रकल्प मागवले, तर ते पालक करतात किंवा स्टेशनरीच्या दुकानातील छापील चित्रे चिकटवून तयार होतात. शिवाय पाचपैकी दोन शाळांत इतिहास शिकवणारे शिक्षक मूळचे भाषा विषयाचे आहेत. निवडणुकीची कामे आणि बदली तासिका सांभाळून त्यांनी मुलांना मार्गदर्शन करावे अशी अपेक्षा ठेवायची, तर आपण त्यांना काय देऊ शकतो? आमच्याजवळ निधी फारसा नाही.

गिरगावचे निवृत्त शिक्षक

बाई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदात तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर अर्धे आलेलेच आहे. तयार वस्तूला गुण दिले, की ती वस्तू घरचे मोठे लोक करतात. म्हणून गुण त्या वस्तूमागच्या वाटेला द्यावेत. अमेरिकेत १९७४ मध्ये क्लीव्हलंड येथे सुरू झालेला ‘नॅशनल हिस्टरी डे’ हा उपक्रम याच पायावर उभा आहे. दरवर्षी एक व्यापक सूत्र जाहीर होते आणि मुले त्या सूत्राला धरून स्वतःचा विषय निवडतात. त्यांना निबंध, प्रदर्शन, सादरीकरण, माहितीपट किंवा संकेतस्थळ यांपैकी कोणताही प्रकार घेता येतो. पण वापरलेल्या प्रत्येक साधनाखाली ते कशासाठी उपयोगी पडले हे दोन-तीन ओळींत लिहावे लागते आणि परीक्षक मुलांशी समोरासमोर बोलतात. जर्मनीत राष्ट्राध्यक्षांच्या नावाने १९७३ पासून चालणाऱ्या इतिहास स्पर्धेतही मुलांना आपल्या गावाचा, वस्तीचा किंवा कुटुंबाचा इतिहास शोधायला सांगतात आणि काम कसे झाले याचा अहवाल सोबत मागतात. या दोन्ही ठिकाणची यंत्रणा आपल्याला झेपणारी नाही, परंतु साधनांची टिपणयादी आणि दहा मिनिटांचा संवाद या दोन गोष्टींना पैसे लागत नाहीत. माझे मत असे, की शंभरपैकी किमान साठ गुण या दोहोंसाठी राखून ठेवावेत. ज्या मुलाचा प्रकल्प मामांनी केला आहे, ते मूल ‘हे तुला कुठे सापडले, आणि ते खरे कशावरून?’ या प्रश्नापाशी थांबते. ते तसे थांबले तर त्याला खजील करू नये, पुढच्या वेळी काय करायचे ते सांगावे.

दुसरी गोष्ट विषयाच्या आकाराची. ‘मुंबईचा इतिहास’ किंवा ‘स्वातंत्र्यलढ्यात मुंबईचे योगदान’ असे विषय दिले, की मूल नाइलाजाने उतारे उतरवते, कारण एवढ्या मोठ्या विषयात त्याने स्वतः पाहिलेले असे काहीच नसते. तुम्ही परळमध्ये आहात म्हणून उदाहरण देतो. १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. जानेवारी १८९७ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी याच शहरात प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा तुमच्या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, जिथे आजही त्यांच्या नावाची संस्था उभी आहे. कोंदट, अंधाऱ्या घरांमुळे साथ पसरते या समजुतीतून १८९८ मध्ये सुधार ट्रस्ट (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजेच बी.आय.टी.) स्थापन झाला आणि त्याने पुढे ज्या चाळी बांधल्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य दोन दशकांहून अधिक काळ होते. आता, ‘प्लेगची साथ’ हा विषय न देता, ‘आमच्या चाळीचे जिने, गॅलऱ्या आणि खिडक्या अशा का बांधल्या गेल्या?’ हा प्रश्न त्या चाळीत राहणाऱ्या मुलासमोर ठेवून पाहा. खिडक्या तो मोजेल, खोलीची लांबी-रुंदी पट्टीने घेईल, आजोबांना पाण्याच्या नळाविषयी विचारील, आणि मग त्याला लस, ट्रस्ट आणि साथ यांच्याविषयी वाचावेसे वाटेल, कारण आता ते त्याच्या घराविषयीचे वाचन झालेले असेल.

साधनांमध्ये मतभेद आढळला, तर मुले घाबरतात आणि एक आकडा गुपचूप गाळतात, असा माझा अनुभव आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ अशी लिहिलेली आढळते. माझ्या वर्गातील एका मुलाने तिन्ही आकडे वहीत मांडून ‘मला कोणता खरा ते ठरवता आले नाही, पण कोणता आकडा कुठे वाचला ते लिहिले आहे’ असे नोंदवले होते. त्या वाक्याला मी पूर्ण गुण दिले होते, आणि आजही देईन.

संग्रहालयात मुलांसाठी उपक्रम घेणारी

सरांच्या मूल्यमापनाच्या पद्धतीशी मी सहमत आहे. मला शिक्षकांविषयी लिहायचे आहे, कारण बहुतेक स्पर्धा तिथेच कोसळतात. परिपत्रक शाळेत येते, मुख्याध्यापक ते शिक्षकांकडे देतात, मुदत तीन आठवड्यांची असते आणि ज्या शिक्षकाने स्वतः कधी एखादे मूळ कागदपत्र हाताळलेले नाही त्याने मुलांना ते शिकवावे असे आपण गृहीत धरतो. मुलांची नोंदणी सुरू करण्याच्या किमान दोन महिने आधी पाचही शाळांतील शिक्षकांना एक पूर्ण दिवस एकत्र बोलवा आणि त्या दिवशी त्यांना व्याख्यान न देता शोध करायला लावा. भाषेचे शिक्षक आहेत ही अडचण समजू नका. एखाद्या मजकुराचा सूर, त्यातील गाळलेली जागा, लिहिणारा कोणाशी बोलतो आहे हे त्यांना आपल्याहून चटकन कळते.

त्या दिवसासाठी एक वस्तू सुचवते. जुन्या मुंबईत फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून अंतरे मोजून रस्त्यांच्या कडेला मैलाचे दगड बसवले होते. त्यांपैकी काही आजही मध्य मुंबईच्या पदपथांवर उभे आहेत, काही अर्धे जमिनीत गेले होते आणि अलीकडच्या काळात ते मोकळे करून जपण्याचे काम झाले आहे. अशा एका दगडाजवळ शिक्षकांना वीस मिनिटे उभे करा. त्यावर रोमन अंक का आहेत, मोजणी चर्चपासूनच का, हा दगड कोणत्या प्रवाशासाठी होता, आणि त्या काळी परळ हे शहर होते की शहराबाहेरचे ठिकाण? एवढ्या चर्चेतून आठवीच्या ‘भौतिक साधने’ या भागाचा नमुना पाठ तयार होतो आणि शिक्षकाच्या मनातली ‘मला हे जमेल का’ ही भीती कमी होते. मी हे अनेक गटांबरोबर करून पाहिले आहे. सुरुवातीला मागे उभे राहणारे शिक्षकच शेवटी गुडघ्यावर बसून अक्षरे वाचत असतात.

कागदपत्रांसाठी फोर्टमधील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्याचा पुराभिलेख विभाग आहे आणि दादरला, म्हणजे तुमच्यापासून अगदी जवळ, १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. वीस मुलांना घेऊन थेट जाऊ नका. आधी एका शिक्षकाने पत्र देऊन भेट घ्यावी, काय पाहायला मिळेल आणि छायाप्रती मिळतील का ते विचारून घ्यावे, आणि चार-पाच निवडक छायाप्रती पाचही शाळांत वाटाव्यात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची २०१५ मध्ये सुरू झालेली फिरत्या संग्रहालयाची बस शाळांपर्यंत येते. तिच्यासाठी वर्षाच्या आरंभीच विनंती करून ठेवावी.

निधीविषयी एक सूचना. चषक आणि सन्मानचिन्हे यांवर होणारा खर्च थांबवून त्यातून मार्गदर्शक शिक्षकांचा प्रवासखर्च आणि छायाप्रतींचा खर्च द्या, आणि पारितोषिक म्हणून पुस्तके द्या. परीक्षक आणि प्रमुख पाहुणे या दोन भूमिका वेगळ्या ठेवा. पाहुणे अर्ध्या तासासाठी येतात, परीक्षकाला मात्र प्रत्येक गटाची साधनयादी आदल्या दिवशी वाचलेली असावी लागते.

धारावीच्या रात्रशाळेतील शिक्षक

वरील सर्व सूचना मोलाच्या आहेत, तरीही माझा एक आक्षेप मी स्पष्टपणे नोंदवतो. स्पर्धा म्हटली की कोणाला तरी पहिला क्रमांक द्यावा लागतो आणि तो क्रमांक बहुतेक वेळा ज्याच्या घरी वेळ, जागा आणि वाचलेली माणसे आहेत त्याच्याकडे जातो. माझे विद्यार्थी दिवसा काम करतात. फोर्टमधील ग्रंथालये आणि कार्यालये ज्या वेळेत उघडी असतात, त्या वेळेत ते कोणाच्या तरी कारखान्यात असतात. तुमच्या नियमावलीत दोन ग्रंथालयांना भेट सक्तीची असेल, तर ही मुले पहिल्याच पायरीवर बाद होतील, आणि त्यात त्यांच्या बुद्धीचा काहीही दोष नसेल.

म्हणून आम्ही रविवारी सकाळी आमच्याच वस्तीतल्या काळा किल्ल्यापाशी गेलो. गव्हर्नर जॉन हॉर्न यांच्या आज्ञेने तो १७३७ मध्ये बांधला गेल्याचे भिंतीवरच्या शिलालेखात कोरलेले आहे. मुलांनी ते वर्ष वहीत लिहिले आणि एकाने विचारले, ‘सर, त्याच वर्षी का?’ मी त्याला उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी वसईची मोहीम १७३७ मध्येच सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, हे पुस्तकातून त्यानेच शोधून आणले आणि शीव, माहीम, धारावी या रांगेतल्या इंग्रजांच्या किल्ल्यांचा नकाशा काढून तो विचारात पडला, की इंग्रजांना तेव्हा उत्तरेकडून कोणाची भीती वाटत असेल. हा मुलगा चामड्याच्या पिशव्या शिवतो. त्याने त्या दिवशी जे केले त्याला मी कितवा क्रमांक देऊ?

आणखी एक. आमच्याकडे अनेक मुलांच्या घरी तमिळ, गुजराती, उर्दू बोलतात. मुलाखत घरच्या भाषेत घेऊन तिचा सारांश मराठीत लिहिण्याची मुभा नियमावलीत स्पष्ट शब्दांत असावी.

परळची शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. रात्रशाळेतील सरांचा आक्षेप वाचून मी काल इतर चार शाळांतील सहकाऱ्यांशी बोलले. क्रमांक पूर्ण काढून टाकायला दोन मुख्याध्यापक तयार नाहीत, कारण क्रमांक नसेल तर पालक मुलांना पाठवणार नाहीत असे त्यांना वाटते. त्यावर आम्ही असे ठरवले आहे, की ठरलेल्या पातळीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रत्येक गटाला तीच श्रेणी मिळेल, तिला संख्येची मर्यादा नसेल, आणि ग्रंथालयाची सक्ती असणार नाही. सक्ती राहील ती किमान एक साधन स्वतः पाहण्याची किंवा ऐकण्याची. संवादाची वेळ शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी ठेवू. शिक्षकांचा दिवस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घेत आहोत आणि तो मैलाच्या दगडापासूनच सुरू करणार आहोत.

पहिल्या वर्षाचे सूत्र ‘काम’ असे घेतले आहे. आमच्या मुलांपैकी निम्म्यांचे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाकडे मुले वळणार हे उघड आहे. मला काळजी वाटते ती तिथे. ज्या घरांनी त्या काळात भाकरीची भ्रांत पाहिली, त्या घरातल्या वृद्ध माणसासमोर तेरा वर्षांच्या मुलाला प्रश्नावली घेऊन कसे बसवायचे?

लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी

मी काही वर्षे आमच्या भागातील जुन्या कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून लिहून काढते आहे, त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयीच लिहिते.

संपापासून सुरुवात करू नये. ‘संप का फसला?’ हा प्रश्न माणसाला एकदम त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत अवघड जागेवर नेऊन उभा करतो, आणि तो एक तर गप्प होतो किंवा भाषण करतो. पहिल्या पाळीला जाताना घरातून कधी निघायचात, भोंगा कुठपर्यंत ऐकू यायचा, डबा कोण द्यायचे, खानावळीत जेवणारे किती जण एका खोलीत राहायचे, पहिला पगार कोणाच्या हातात दिलात, अशा प्रश्नांनी माणूस स्वतःच्या गतीने बोलू लागतो. संपाची गोष्ट त्याला सांगायची असेल तर ती त्यातून आपोआप येते, आणि सांगायची नसेल तर ती न विचारण्याचे शहाणपण मुलांना आधी शिकवलेले असावे. दोन मुलांनी मिळून जावे, एकाने विचारावे व एकाने लिहावे. बैठक पाऊण तासाहून लांबवू नये. आणि ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरू करण्यापूर्वी मागावी, तशीच ती शेवटी पुन्हा मागावी, कारण बोलून झाल्यावर माणसाला काही भाग काढून टाकावासा वाटू शकतो. तो त्याचा हक्क आहे, आणि मग त्या भागावाचून प्रकल्पाचे गुण कमी होता कामा नयेत.

आठवण आणि कागद यांत फरक पडेल. एक आजी मला ठामपणे सांगत होत्या, की संप गणपतीत सुरू झाला. जानेवारीत गणपती नसतात हे त्यांना दाखवून देण्यात काहीच मिळाले नसते. पुढच्या बैठकीत कळले, की त्या वर्षीच्या गणपतीला घरात पहिल्यांदा मोदक झाले नव्हते. त्यांच्यासाठी संप त्या दिवशी सुरू झाला होता. मुलांना दोन्ही तारखा लिहू द्या आणि दोन्हींच्या शेजारी कारण लिहू द्या.

मुलांना शब्दांची तयारी मात्र आधी करून द्यावी. एका मुलीने आजोबांची मुलाखत घेऊन ‘आजोबांची सात वर्षे बदली होत राहिली’ असे लिहून आणले होते आणि मला ती कुठून कुठे बदली झाली याची यादी करायची आहे असे सांगितले. आजोबा बदली कामगार होते. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळायचे, नाहीतर परत घरी. मी तिला चूक दुरुस्त करून दिली नाही. लिहिलेला मजकूर आजोबांना वाचून दाखव, एवढेच सांगितले. तिने वाचायला सुरुवात केली तसे त्यांनी तिला तिथेच थांबवले आणि मग त्या दारापाशी उभे राहण्याविषयी, हजेरी घेणाऱ्या जॉबरविषयी, नाव पुकारले गेले नाही त्या दिवशी दुपारपर्यंत घरी न जाता बागेत बसून राहण्याविषयी ते जवळपास तासभर बोलले. तिच्या वहीतली ती सहा पाने पहिल्या मुलाखतीत नव्हती. तुमच्या नियमावलीत ‘लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवले का?’ असा एक रकाना ठेवा आणि त्याला दहा गुण द्या.